टपाली बुद्धिबळातली बरोबरी कुठे ठरते?

दोन खेळाडू समोरासमोर बसून बुद्धिबळ खेळतात तेव्हा हार-जीत बहुतेक वेळा एखाद्या चुकीवर ठरते. घड्याळाचे काटे पुढे सरकत असतात, डोके थकलेले असते, आणि पस्तिसाव्या-चाळिसाव्या खेळीला कुणाचा तरी घोडा नको त्या घरात जाऊन बसतो. आता त्याच दोघांना एका खेळीसाठी तीन-तीन दिवस द्या. पुस्तके उघडायला परवानगी द्या, पट मांडून रात्रभर मोहरी हलवून बघायला परवानगी द्या. साधा तर्क असा की एवढी सवड मिळाल्यावर ज्याची समज सरस तो आपली सरशी शेवटपर्यंत नेईल आणि बरोबरीत सुटणारे डाव कमी होतील. टपालाने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचा अनुभव मात्र नेमका उलटा आहे. साधने जसजशी सुधारत गेली तसतशा बरोबऱ्या वाढत गेल्या, आणि आज या खेळाच्या वरच्या पायरीवर एखादा डाव निकाली झाला तर तीच बातमी ठरते.

या कोड्याचे उत्तर बहुतेक लोक डावाच्या शेवटी शोधतात. दोघेही थकले, कुणी धोका पत्करला नाही, म्हणून हात मिळवले, असे ते समजतात. मला हे पटत नाही. टपाली डावातली बरोबरी शेवटी फक्त जाहीर होते. ती ठरते पहिल्या दहा-बारा खेळ्यांत, म्हणजे ज्याला खेळाडू ओपनिंग म्हणतात त्या टप्प्यात. हे कसे घडते ते समजून घ्यायचे तर आधी हा खेळ टपालातून चालतो कसा ते पाहायला हवे.

होटगीच्या शिक्क्याचे कार्ड

समजा, सोलापूरजवळच्या होटगीतला एक खेळाडू परगावच्या प्रतिस्पर्ध्याशी टपालाने डाव खेळतो आहे. गाव लहान, पण टपालाच्या दृष्टीने मोक्याचे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला आणि १८७१ मध्ये रायचूरला पोहोचला. तिथे तो मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. पुढे १८८४ च्या सुमारास होटगीहून विजापूर-गदगकडे जाणारा फाटा निघाला आणि होटगी जंक्शन झाले. मुंबई, मद्रास आणि कर्नाटक अशा तिन्ही दिशांच्या टपालाच्या थैल्या या मार्गांवरून धावू लागल्या. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले होतेच. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला चार ओळी. बुद्धिबळाच्या एका खेळीला एवढी जागा हवी तेवढी झाली.

अडचण होती ती लिपीची. दक्षिण सोलापूर हा मराठी-कन्नड सरमिसळीचा भाग, आणि सोलापूर शहरात तेलुगू घरोघरी. अशा ठिकाणी मराठीत लिहिलेली ‘उंट पाचव्या घरात’ ही खेळी गदगच्या खेळाडूने कशी वाचावी, आणि रशियातल्या खेळाडूने कशी? टपाली बुद्धिबळाने त्यावर काढलेला उपाय सुंदर आहे. पटाच्या उभ्या आठ पट्ट्यांना पांढऱ्याच्या डावीकडून १ ते ८ अंक द्यायचे आणि आडव्या आठ ओळींना पांढऱ्याच्या बाजूकडून १ ते ८. मग प्रत्येक घर दोन अंकांचे होते आणि प्रत्येक खेळी चार अंकांची, आधी मोहरे उचलले ते घर आणि नंतर ठेवले ते घर. पांढऱ्या राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे गेले की कार्डावर फक्त ५२५४ लिहायचे. ना भाषा, ना लिपी, ना मोहऱ्याचे नाव. भारतीय टपालानेही हाच मार्ग निवडला, हा काही निव्वळ योगायोग नव्हे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला सहा अंकी पिन कोड श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखला. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले हे अधिकारी संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. इतक्या लिप्यांच्या देशात पत्ता बिनचूक वाचला जायचा तर अंकांवर भिस्त ठेवणेच शहाणपणाचे, हे त्यांनी ओळखले. अंकांच्या या भाषेचा एकदा खेळाडूंना त्रासही झाला. दुसऱ्या महायुद्धात परदेशी जाणाऱ्या टपालातले असे आकडे गुप्त संदेश असतील या संशयाने सेन्सॉर अधिकारी ही पत्रे अडवत.

वेळेचा हिशेबही टपालाच्या शिक्क्यावरून होई. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय टपाली बुद्धिबळ महासंघाच्या जुन्या पद्धतीत दहा खेळ्यांना तीस दिवस मिळत, आणि पत्र वाटेत असतानाचे दिवस कुणाच्याच खाती धरले जात नसत. कार्ड हाती पडले त्या दिवसापासून उत्तरावर शिक्का पडेपर्यंतचा काळ तेवढा खेळाडूचा. म्हणजे परदेशातल्या प्रतिस्पर्ध्याशी एक डाव दोन-तीन वर्षे सहज चाले. टपालखर्च आणि दिवस वाचवण्यासाठी ‘जर-तर’च्या खेळ्या लिहायची सोय होती. ‘मी ही खेळी करतो. तुम्ही अमुक केले तर माझे उत्तर तमुक’, अशी साखळी एकाच कार्डावर मावे. ही साखळी लक्षात ठेवा. जिथे समोरच्याचे उत्तर आधीच ठाऊक असते तिथेच ती लिहिता येते, आणि बरोबरीच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे.

ओपनिंगची प्रयोगशाळा

समोरासमोरच्या खेळात पुस्तक उघडले तर ती लबाडी ठरते. टपाली खेळात पुस्तक उघडणे हा खेळाचाच भाग आहे. या एका फरकामुळे टपाली बुद्धिबळ पहिल्यापासून ओपनिंगची प्रयोगशाळा होत गेले. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरा या दोन शहरांच्या क्लबांत टपालाने पाच डाव झाले. एडिंबराने दोन जिंकले, एक गमावला, दोन बरोबरीत सुटले. या डावांत खेळली गेलेली एक सुरुवात आजही ‘स्कॉच’ नावाने ओळखली जाते. पुढे १९३४ ते १९३६ मध्ये रिगा शहराने स्टॉकहोमविरुद्ध टपालाने खेळताना एक धाडसी सुरुवात वापरली आणि ‘लाटव्हियन गॅम्बिट’ हे नाव रुळले. गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच एखादे प्यादे किंवा मोहरे मुद्दाम देऊन त्या बदल्यात हल्ल्याला वेळ मिळवणे.

आपल्याकडचे उदाहरण तर लंडन-एडिंबराच्या जोडीचे आहे आणि त्याची आठवण फारच कमी लोकांना आहे. १८२८ च्या सुमारास मद्रास आणि हैदराबाद या दोन शहरांत टपालाने दोन डावांचा सामना झाला. त्या वेळी रेल्वे नव्हती. दख्खनच्या वाटांवरून डाकेचे धावपटू पत्रे नेत. मद्रासच्या बाजूची सूत्रे गुलाम कासिम यांच्याकडे होती, आणि १८२९ मध्ये त्यांनी जेम्स कॉक्रेन या मुलकी अधिकाऱ्यासोबत या सामन्यावर एक पुस्तक मद्रासला छापले. त्या पुस्तकात नुसते डाव नाहीत, ‘मुझिओ गॅम्बिट’ या सुरुवातीचे पद्धतशीर विश्लेषणही आहे. या सुरुवातीत पांढरा आपला घोडा सरळ मारू देतो आणि त्या बदल्यात काळ्या राजावर वजीर, उंट आणि हत्ती यांचा मारा सुरू करतो. नेहमीच्या पद्धतीत पांढरा याच क्षणी किल्लेकोट करतो. त्याऐवजी वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकायची जी वाट आहे तिला जगभरच्या पुस्तकांत आजही गुलाम कासिम यांचे नाव आहे. त्याआधी १८१४ मध्ये त्रेवंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळातल्या डावपेचांवरचे संस्कृत पुस्तक इंग्रजी रूपात मुंबईत छापले गेले होते. दख्खनमध्ये हा खेळ केवळ करमणूक नव्हता, त्याचा लेखी अभ्यास चालू होता, याची ही ठोस साक्ष.

या साऱ्यातून एक गोष्ट दिसते. टपालाने खेळणाऱ्यांनी सवडीचा उपयोग पहिल्यांदा केला तो सुरुवात खणून काढण्यासाठी. कोणत्या खेळीला कोणते उत्तर सर्वांत पक्के, हे कागदावर जमा होत गेले. जी चूक एकाने केली ती छापली गेली, आणि पुस्तक वाचणाऱ्या पुढच्या खेळाडूने ती टाळली.

थोडी सरशी पुरत का नाही

आता बुद्धिबळाच्या घडणीकडे येऊ. पटावर दोन्ही सैन्ये सारखी असतात. पांढऱ्याला पहिली खेळी मिळते, म्हणून त्याची किंचित सरशी असते. पण बुद्धिबळात किंचित सरशीचे विजयात रूपांतर होत नाही. रस्सीखेचीत एका बाजूचा जोर थोडा जास्त असला तरी दोराची खूण रेघेपलीकडे ओढली गेल्याशिवाय निकाल लागत नाही, तसेच हे आहे. बुद्धिबळातली ती रेघ बरीच लांब आहे, कारण मात करायला नुसते पुढे असून भागत नाही, राजाला पळायला एकही घर उरू द्यायचे नाही.

ही रेघ किती लांब आहे ते एका छोट्या स्थितीत बघा. पांढरा राजा ५६ या घरात, पांढरे प्यादे ५७ या घरात, काळा राजा ५८ मध्ये. बाकी पट रिकामा. पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त आहे आणि ते वजीर होण्यापासून एका घरावर आहे. खेळी काळ्याची आहे. बाजूची ४७ आणि ६७ ही घरे पांढऱ्या राजाच्या ताब्यात, ४८ आणि ६८ प्याद्याच्या माऱ्यात, आणि ५७ मधले प्यादे मारावे तर त्याला राजाचे रक्षण. काळ्या राजाला हलायला जागा नाही, पण त्याला शहही नाही. आजच्या नियमांनी हा डाव बरोबरीत सुटतो. खेळी पांढऱ्याची असती तर तो राजा ४६ मध्ये घेऊन जिंकला असता. काळ्या राजाला ६७ खेरीज घर उरत नाही, मग पांढरा राजा ४७ मध्ये जातो आणि प्याद्याचा वजीर होतो. म्हणजे पूर्ण एक प्यादे जास्त असूनही निकाल कुणाची पाळी आहे यावर लोंबकळत राहतो. पांढऱ्याला मिळणारी पहिल्या खेळीची सरशी एका प्याद्याच्या किमतीपेक्षा पुष्कळच कमी आहे. मग ती विजयापर्यंत पोहोचेल कशी?

आपल्या जुन्या देशी पद्धतीत याची वेगळी जाणीव होती. एका बाजूचा राजा एकटा उरला की त्याला पूर्ण हार न मानता ‘बुर्जी’ धरत. सरशी आणि मात यांच्या मधली पायरी नियमातच मान्य केलेली होती. त्या पद्धतीत प्यादेही पहिल्या खेळीला दोन घरे उडत नसे, त्यामुळे सुरुवात सावकाश होई आणि दोन्ही सैन्ये आधी आपापली मांडणी करत. युरोपीय नियमांत प्यादे दोन घरे पुढे जाऊ लागले आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेळीलाच झटापट सुरू झाली. तेव्हापासून सुरुवातीच्या अभ्यासाला एवढे मोल आले.

चौदा खेळ्यांचा डाव

ओपनिंगमध्येच बरोबरी कशी ठरते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ‘बर्लिन बचाव’ या सुरुवातीत सापडते. २००० साली लंडनमध्ये व्लादिमीर क्रॅमनिकने गॅरी कास्पारोव्हला ८.५–६.५ असे हरवून जगज्जेतेपद मिळवले ते याच बचावाच्या जोरावर. या सामन्यात बर्लिनचे चार डाव झाले आणि चारही बरोबरीत सुटले. पांढऱ्याची मोहरी हाती असूनही कास्पारोव्हसारख्या आक्रमक खेळाडूला ती भिंत फोडता आली नाही. त्या डावांत पांढऱ्याने उंटाने घोडा मारायची वाट धरली होती. खालच्या चौकटीत त्याच बचावातली दुसरी, छोटी वाट दिली आहे. ती जगभर बरोबरीची वाट म्हणूनच ओळखली जाते.

चौकट: एका कार्डावर मावणारा डाव
(आधी पांढऱ्याची खेळी, मग काळ्याची)
१) ५२५४ – ५७५५
२) ७१६३ – २८३६
३) ६१२५ – ७८६६
४) ५१७१ (किल्लेकोट) – ६६५४
५) ४२४४ – ५४४६
६) ४४५५ – ४६२५
७) १२१४ – २५४४
८) ६३४४ – ४७४५
९) ५५४६ – ३६४४
१०) ४१४४ – ४८४६
११) ४४५४ शह – ४६५६
१२) ५४४४ – ५६४६
१३) ४४५४ शह – ४६५६
१४) ५४४४ – ५६४६, बरोबरी

पट मांडून हा डाव खेळून बघावा. पहिल्या तीन खेळ्यांत पांढरा उंट २५ या घरात येतो आणि काळ्याच्या घोड्यावर नजर ठेवतो. हा घोडा ५५ मधल्या प्याद्याचा राखणदार आहे. काळा त्याची पर्वा न करता दुसरा घोडा बाहेर काढतो आणि चौथ्या खेळीला ५४ मधले पांढरे प्यादेच मारतो. पांढऱ्याने किल्लेकोट केलेला असल्याने त्याचा हत्ती उभ्या पट्टीवर यायला तयार आहे, म्हणून पाचव्या खेळीला तो मध्य उघडतो. काळा घोडा मागे ४६ वर येऊन उंटावर चाल करतो. इथे पांढरा उंट वाचवत नाही, प्यादे मारतो. काळा उंट मारतो. सातव्या खेळीला पांढऱ्याचे कडेचे प्यादे पुढे येते आणि काळा घोडा अडकतो. त्याला जायला एकही सुरक्षित घर उरत नाही, म्हणून काळा तो मोहऱ्यांच्या अदलाबदलीत परत करतो. आठव्या खेळीला काळा वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकतो. शेजारून उडी मारून गेलेले प्यादे लगेच मारायची खास मुभा वापरून पांढरा ते मारतो. आणखी तीन मारामाऱ्या होतात आणि धुरळा बसतो तेव्हा दोघांची मोहरी संख्येने सारखी, दोन्ही वजीर मध्यावर समोरासमोर.

आता कुणाला काय हवे आहे ते पाहू. पांढऱ्याचा वजीर ४४ वर असला की त्याचा डोळा ७७ मधल्या प्याद्यावर असतो. काळ्याने राजाच्या बाजूचा उंट हलवला की हे प्यादे उघडे पडते आणि त्यामागच्या हत्तीवरही वजिराचा मारा येतो. म्हणून काळ्याला पांढरा वजीर तिथून उठवायचा आहे, आणि त्याचा सोपा उपाय म्हणजे आपला वजीर ४६ वर ठेवून अदलाबदलीचे आव्हान देणे. वजिरांची अदलाबदल पांढऱ्याला नको, कारण नंतर काळ्याकडे दोन उंट उरतात, त्याच्या राजाला काही धोका राहत नाही आणि पांढऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून तो ५४ वरून शह देतो. काळा वजीर मध्ये घालतो. पुन्हा अदलाबदलीचे आव्हान, म्हणून पांढरा पुन्हा ४४ वर जातो. काळा पुन्हा ४६ वर. दहाव्या, बाराव्या आणि चौदाव्या खेळीनंतर नेमकी तीच स्थिती उभी राहते आणि खेळी दर वेळी पांढऱ्याची असते. एकच स्थिती तीन वेळा आली की बरोबरी मागता येते.

दोघांपैकी कुणालाही वेगळी खेळी करायची बंदी नाही. पांढरा बाराव्या खेळीला वजीर मारून घेऊ शकतो, काळाही शहाला उंटाने आड जाऊ शकतो. पण जो वाट बदलेल त्याला काही तरी सोडावे लागेल आणि बदल्यात जास्त मिळणार नाही. हे दोघांनाही माहीत असेल तर दहाव्या खेळीनंतरचा सगळा डाव ‘जर-तर’च्या साखळीत एका कार्डावर लिहून टाकता येतो. समोरासमोरच्या खेळात काळा पहिल्यांदाच या स्थितीत आला तर तो बिचकून चुकू शकतो. टपाली खेळाडू बिचकत नाही. त्याच्याकडे तीन दिवस आहेत आणि टेबलावर पुस्तक आहे.

पण मग बर्लिनर कसा जिंकला?

माझ्या म्हणण्याला सर्वांत मजबूत आक्षेप इतिहासातूनच येतो. १९६५ ते १९६८ या काळात झालेल्या पाचव्या टपाली जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या हान्स बर्लिनरने सोळा डावांत चौदा गुण मिळवले. बारा विजय, चार बरोबऱ्या, एकही हार नाही. सवड होती, पुस्तके होती, तरीही एवढे निकाल लागले. मग सवडीमुळे बरोबऱ्या वाढतात हे खरे कसे?

बर्लिनरचा सर्वांत गाजलेला विजय सोव्हिएत संघाच्या याकोव्ह एस्त्रिनवरचा, आणि तो काळ्या मोहऱ्यांनी मिळवलेला. हा डाव ‘टू नाइट्स’ म्हणजे दोन घोड्यांच्या बचावाचा. बर्लिनरने घरी बसून अशी एक वाट शोधली होती की तिचे उत्तर तेव्हा कुठल्याच पुस्तकात नव्हते. एस्त्रिन काही कच्चा खेळाडू नव्हता. तो पुढे स्वतः टपाली जगज्जेता झाला. तरी त्या वाटेवर पहिल्यांदा पाऊल ठेवताना तो चुकला. नंतरच्या वर्षांत विश्लेषकांनी पांढऱ्यासाठी सुधारणा सुचवल्या आणि त्या वाटेची धार कमी झाली. हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही, उलट जास्त नेमके करतो. एखादा डाव निकाली होतो तो दोघांच्या ज्ञानात फट असते म्हणून, आणि टपाली बुद्धिबळाची रीतच अशी की सापडलेली प्रत्येक फट पुढच्या पिढीसाठी बुजवली जाते. बर्लिनरचे बारा विजय त्याच्या अभ्यासाचे होते. तेच विजय छापून आले आणि त्यांच्यासारखे विजय पुढच्यांना दुर्मीळ झाले.

नंतर संगणक आला आणि ही बुजवणी एकदम वेगाने झाली. २००४ मध्ये महासंघाने इंटरनेटवरून खेळण्याची सोय सुरू केली. पोस्टकार्ड मागे पडले, पण सवड राहिली, आता दहा खेळ्यांना पन्नास दिवस. विश्लेषणासाठी संगणक वापरायलाही मुभा आहे. सात किंवा त्याहून कमी मोहरी उरलेल्या प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल २०१२ मध्येच मॉस्को विद्यापीठातल्या संगणकावर काढला गेला आहे. म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा चुकीसाठी उरलाच नाही, आणि मधला टप्पाही रोज आकुंचन पावतो आहे. २०२२ मध्ये संपलेल्या ३२ व्या जागतिक स्पर्धेत १७ खेळाडू होते आणि १३६ डाव. त्यातले बहुतांश बरोबरीत सुटले. चेकर्स या साध्या खेळाचा प्रश्न तर २००७ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी पूर्ण सोडवला, आणि दोन्ही बाजूंनी अचूक खेळले तर बरोबरी हेच उत्तर निघाले. बुद्धिबळाचे असे पूर्ण उत्तर अजून कुणी काढलेले नाही. पण हाती असलेला सगळा पुरावा त्याच दिशेला बोट दाखवतो.

दुसरा आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. चौदा खेळ्यांत वजीर इकडून तिकडे हलवून बरोबरी घेणे हा खेळच नव्हे, असे कुणी म्हणेल. समोरासमोरच्या स्पर्धेत, जिथे प्रेक्षक तिकीट काढून बसलेले असतात, तिथे ही तक्रार मला रास्त वाटते. दमलेले दोन ग्रँडमास्टर ही वाट ठरवून धरतात तेव्हा ते लढाई टाळतात. टपाली डावाला मात्र हा न्याय लागू करणे चूक आहे. तिथे खेळाडूने बरोबरी स्वीकारण्याआधी प्रत्येक वळणावर दिवसेंदिवस दुसरी वाट शोधलेली असते. ती सापडली नाही, हीच त्या डावाने दिलेली माहिती. चांगला टपाली डाव म्हणजे एखाद्या सुरुवातीबद्दलचे तपासून घेतलेले विधान असते. ‘बर्लिनच्या या फाट्यावर पांढऱ्याला काही मिळत नाही’ हे विधान चौदा खेळ्यांत सिद्ध झाले तर ते चाळीस खेळ्या ओढण्याची गरज नाही.

तोल मुद्दाम बिघडवायचा

बरोबरी ओपनिंगमध्ये ठरते याचा शेवटचा आणि सर्वांत थेट पुरावा, बरोबऱ्या कमी करायला आयोजक आज काय करतात त्यातच आहे. संगणक प्रोग्रॅम आपापसांत खेळतात त्या टीसीईसीसारख्या स्पर्धेत पहिल्या काही खेळ्या प्रोग्रॅमना स्वतः निवडू दिल्या जात नाहीत. आयोजक मुद्दाम एका बाजूला झुकलेली सुरुवात ठरवून देतात आणि दोन्ही प्रोग्रॅम त्याच सुरुवातीवर रंग बदलून एकेक डाव खेळतात. सुरुवातीचा तोल पुरेसा बिघडवला की दोराची खूण रेघेजवळ नेऊन ठेवल्यासारखे होते आणि निकाल लागू लागतात. तेच प्रोग्रॅम, तीच ताकद, तीच अचूकता. बदलली फक्त ओपनिंग.

पटावरच्या मागच्या ओळीतल्या मोहऱ्यांच्या जागा बदलून ९६० वेगवेगळ्या मांडण्यांतून एक निवडायची, हा दुसरा उपाय. महासंघ त्या प्रकारच्याही स्पर्धा घेतो. त्यात पाठ केलेली पुस्तके निरुपयोगी होतात हे खरे, पण मांडणी दोन्ही बाजूंना सारखीच असते, म्हणून मूळचा तोल कायम राहतो. सवड आणि संगणक असलेल्या खेळाडूला तो सांभाळणे पहिल्यापेक्षा थोडेच अवघड जाते. माझ्या मते टपाली बुद्धिबळाला जास्त फायद्याच्या आहेत त्या ठरावीक विषयाच्या स्पर्धा, जिथे सगळ्यांनी एकच सुरुवात, कधी लाटव्हियन गॅम्बिट तर कधी राजाचा गॅम्बिट, दोन्ही रंगांनी खेळायची असते. या सुरुवाती जगज्जेतेपदाच्या डावात कुणी फारशा धरत नाही, कारण त्यांत एका बाजूला खरा धोका असतो. मुझिओ गॅम्बिट हा याच कुळातला. घोडा देऊन मिळालेला हल्ला पुरतो की नाही हा प्रश्न गुलाम कासिम यांनी १८२९ मध्ये कागदावर मांडला, दोन शहरांमधल्या पत्रांच्या आधाराने तपासला आणि छापला. आजचा खेळाडू तोच प्रश्न संगणक शेजारी घेऊन, दहा खेळ्यांना पन्नास दिवस या सवडीत पुन्हा तपासू शकतो, आणि अशा सुरुवातीत त्याला अजूनही एखादी न बुजलेली फट सापडण्याची शक्यता बर्लिनपेक्षा कितीतरी जास्त आहे.